चाळीस जणांचं सूप

शनिवार, २० जानेवारी २००७. रक्कम दोनशे डॉलर. माणशी पाचप्रमाणे चाळीस माणसांचे, आगाऊ भरलेले. हजर: मी, माझी पंधरा वर्षांची मुलगी, युनिव्हर्सिटीत एमएस करणारे दोन मराठी विद्यार्थी आणि माझ्या मित्राचे वडील, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. म्हणजे पाच.

मी हिशेबाचा माणूस आहे. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत कॉस्ट अकाउंटिंग करायचो, आणि त्या दोन वर्षांत आमच्या मराठी मंडळाचा खजिनदार होतो. चाळीस आणि पाच यांतला फरक मला कागदावर लगेच दिसतो. त्या दिवशी तो बर्फात उभं राहून बघावा लागला.

आम्ही मिशिगनमध्ये ट्रॉयला राहायचो. तिथून दक्षिणेला, डेट्रॉइट ओलांडून तासाभराच्या ड्राइव्हवर, रेझिन नदीच्या काठी एक जुनं रणांगण आहे. आधीच्या ऑक्टोबरमध्ये ऑफिसच्या कामाने त्या बाजूला गेलो होतो, हातात वेळ होता, पाटी दिसली म्हणून वळलो. एक छोटं पांढरं घर, मागे मोकळं मैदान, पलीकडे जुन्या कागद गिरणीच्या इमारती. घरात सत्तरीच्या एक बाई हीटरजवळ बसून विणत होत्या. निवृत्त शिक्षिका. त्याच तिथल्या गाइड. भेट देणारा मी एकटाच होतो, तरी त्यांनी विणकाम ठेवलं, बूट चढवले आणि मला दीड तास मैदानभर फिरवलं.

नेपोलियन मी शाळेत शिकलो होतो. इंग्रज त्याच्याशी तिकडे झुंजत असताना इकडे अमेरिकेशीही त्यांचं जुंपलं होतं, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तो रशियातून बर्फ तुडवत परतला त्याच हिवाळ्यात, १८१३च्या जानेवारीत, इथे या नदीकाठी केंटकीतून आलेले अमेरिकन एका बाजूला आणि इंग्रज व त्यांच्याबरोबरचे इथले मूळ रहिवासी दुसऱ्या बाजूला, असे लढले होते. मी भारावून गेलो. निघताना बाईंनी सांगितलं, की दर जानेवारीत, लढाईच्या तारखेच्या आसपासच्या शनिवारी, त्या हिवाळी टूर घेतात. जुन्या काळचे गणवेश घालून हौशी मंडळी येतात, बंदुकी उडवतात, सैनिकांचं जेवण रांधतात. पण बघायला माणसं येत नाहीत. ही जागा चालवणारे काउंटीचे, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाचे लोक म्हणायला लागलेत की हिवाळ्यात हे घर तापवण्याचा खर्च कशासाठी करायचा. या खेपेला त्यांचा एक माणूस मुद्दाम बघायला येणार आहे.

"एखादा चांगला ग्रुप आला," त्या म्हणाल्या, "तर मला त्याला काहीतरी दाखवता येईल."

"आमचं मंडळ आहे ना," मी म्हणालो. "चाळीस तरी येतील."

कुणी विचारलं नव्हतं. मीच बोललो.

मंडळाच्या मेलिंग लिस्टवर मी पत्र टाकलं. आठवडाभरात उत्तरं आली. "व्हॉट अ ग्रेट आयडिया." "वी आर इन, फोर ऑफ अस." "मुलांना दाखवायलाच हवं." मी बेरीज केली, शेहेचाळीस आले. त्यातले सहा सावधगिरी म्हणून वजा केले, चाळीसचा आकडा बाईंना कळवला आणि मंडळाच्या खात्यातून दोनशेचा चेक पाठवला. वजाबाकी केल्याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं.

आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. "बघू" म्हणजे नाही. "जमवतो" म्हणजे बहुतेक नाही. "नक्की" म्हणजे तोवर दुसरं काही निघालं नाही तर. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पुण्यात मुंजीच्या पंगतीचा अंदाज काढताना मी तसाच काढला असता. पण इथे तीच माणसं ईमेलवर इंग्रजीत "येस" लिहून मोकळी झाली, आणि मी तो येस खरा धरून चाललो.

जेवणाबद्दल बाईंचं पत्र आलं. सैनिकांचं जेवण म्हणजे वाटाण्याचं सूप, त्यात डुकराचं हाड घालतात. चालेल का? मी लिहिलं, बहुतेक जण शाकाहारी आहेत. त्यांनी लिहिलं, मग हाड घालणार नाही, पण कोंबडीचं पाणी चालेल ना? मी लिहिलं, नाही. आणि दोन घरांना कांदा-लसूणही चालत नाही. तीन दिवसांनी उत्तर आलं, की स्वयंपाक करणारा शिपाई नवीन भांडी आणणार आहे, कारण जुन्या भांड्यांत इतकी वर्षं हाड शिजलेलं आहे, आणि कांद्याशिवायचं सूप वेगळ्या भांड्यात होईल. मी ते पत्र बायकोला वाचून दाखवलं होतं. कौतुकाने.

मग बुधवारी रात्री जेवताना बायको म्हणाली, "अहो, शनिवारी हळदीकुंकू ठरलंय बरं का."

"कुठलं हळदीकुंकू?"

"त्यांनी नवीन घर नाही का घेतलं, त्यांच्याकडे. रथसप्तमीच्या आधीचा हा शेवटचा शनिवार. मागच्या वीकेंडला मंदिराचा कार्यक्रम होता, मग राहिलं कोण? हाच."

"अगं, शनिवारी टूर आहे! दोन महिने आधी ठरलीय."

"मला माहितीय. मी म्हटलं त्यांना. त्या म्हणाल्या, टूर सकाळीच आहे ना, तिथून परस्पर या."

"बाराला हळदीकुंकू आणि अकराला टूर, तासाभरावर. कसं येणार?"

तिने माझ्या पानात भात वाढला. "नवऱ्यांनाही बोलावलंय. बेसमेंटमध्ये मोठा टीव्ही लावलाय म्हणे."

मला जे समजायचं ते समजलं. तरी विचारलं, "तू तरी येतेस ना?"

"वाण वाटायला मी लागणार आहे हो त्यांना. मी नसले तर काय म्हणतील?"

"आणि मी तिकडे एकटा असलो तर काय म्हणतील?"

"एकटे कुठे? चाळीस जण आहेत ना तुमचे."

ती टोमणा मारत होती की खरंच तसं समजत होती, हे मला आजही सांगता येणार नाही. तिने कधी कबूल केलं नाही.

सरळ गोष्ट एवढीच होती, की गुरुवारी सकाळी बाईंना फोन करायचा आणि आकडा कमी झालाय म्हणून सांगायचं. वाटाणे अजून भिजत घातलेले नसतील. लांबून येणारी माणसं अजून निघाली नसतील. पण मला त्यांना फोन करायची लाज वाटली, आणि ती टाळायला मी बाकी सगळ्यांना फोन केले. कुणीच नाही म्हणालं नाही. "अरे, बायकोला ड्रॉप करून बघतो." "यार, मुलाचं स्विमिंग आहे, पण ट्राय करतो." "तुम्ही व्हा पुढे, आम्ही गाठतोच." शुक्रवारी रात्रीपर्यंत माझ्या मते अठरा तरी नक्की होते.

जमायचं ठिकाण म्हणजे देशी ग्रोसरीच्या दुकानासमोरचं पार्किंग. दोघे विद्यार्थी वेळेवर आले, त्यांच्याकडे गाडी नव्हती म्हणून मीच त्यांना घेऊन आलो होतो. मित्राने काकांना आणून सोडलं. "बाबांना खूप हौस आहे रे, घेऊन जा, मी हिला सोडून येतोच." काका अमरावतीचे, महिनाभरापूर्वी आलेले. मुलाचं जाकीट त्यांना इतकं मोठं होत होतं की हात बाह्यांतच राहिले होते.

"काय थंडी आहे बाप्पा," ते म्हणाले. "बाकीचे कुठे आहेत रे?"

"येतायत, काका."

आम्ही थांबलो. एकेक गाडी वळली की मी बाहेर उतरायचो. कुणी कोथिंबीर घेऊन जायचं, कुणी फोन कार्ड. एका विद्यार्थ्याने समोसे आणले. मुलगी मागच्या सीटवर हेडफोन लावून बसली होती. शेवटी तिने एक कान मोकळा केला आणि म्हणाली, "बाबा, टूर अकराला आहे ना? इट्स ऑलमोस्ट इलेव्हन."

तेव्हा आम्ही निघालो. वाटेत मी एका हाताने ड्राइव्ह करत, दुसऱ्या हाताने बाईंना फोन लावला. कुणी उचलला नाही. त्या घरात नव्हत्या, मैदानावर उभ्या होत्या.

आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. पांढरं मैदान, त्यात लाल कोटांतले चार आणि जाडेभरडे शर्ट घातलेले पाच असे नऊ जण. पाय आपटत उभे. मागे जाळावर दोन भांडी, एक मोठं, एक लहान. घराच्या ओट्यावर चाळीस वाट्या एकावर एक रचून ठेवलेल्या. बाई जुन्या पद्धतीचा लांब झगा आणि शाल घालून रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांच्याजवळ आजच्या कपड्यांतला एक माणूस, हातात कागद. काउंटीचा.

बाई गाडीशी आल्या. आम्ही पाच जण उतरलो. त्यांनी आमच्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

"बस मागून येतेय का?" त्यांनी हसून विचारलं.

मी म्हणालो, "काही जण... थोडं उशिरा..."

"बाबा," मुलगी म्हणाली. नेहमीपेक्षा मोठ्याने नाही, पण इंग्रजीत, म्हणजे सगळ्यांना कळेल असं. "नोबडी एल्स इज कमिंग. देअर इज नो बस."

काउंटीच्या माणसाने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. एकच आकडा लिहायला लागतो तेवढाच वेळ लागला. मग तो बाईंशी हात मिळवून आपल्या गाडीकडे गेला. तो साडेदहाला आला होता, हे मला नंतर कळलं.

बाईंनी त्याच्या गाडीला हात केला. मग शाल सावरून म्हणाल्या, "चला तर. थंडी वाजत असेल तुम्हाला."

त्यांनी एकही शब्द गाळला नाही. ऑक्टोबरात मला सांगितलं होतं ते सगळं, आणि त्याहून जास्त. केंटकीचे पोरगे उन्हाळी कपड्यांत निघालेले. कुंपणाच्या आडोशाने त्यांनी दिलेली झुंज. बंदुकी उडाल्या. नऊ जणांनी पाच जणांसाठी तीन फैरी झाडल्या. प्रत्येक फैरीनंतर काकांनी हातमोज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांचा आवाजच येत नव्हता.

मग बाई मैदानाच्या कडेला थांबल्या. इथे घरं होती, म्हणाल्या. अमेरिकनांनी हत्यारं ठेवली. जे चालू शकत होते त्यांना इंग्रज घेऊन गेले. जखमींना या घरांत ठेवलं आणि सांगितलं, उद्या सकाळी तुमच्यासाठी बर्फावरून ओढायच्या घसरगाड्या पाठवतो. रात्रभर ते वाट बघत होते.

"मग?" काकांनी मला विचारलं. मी त्यांना मराठीत सांगत होतो.

"गाड्या आल्या नाहीत, काका."

"पाठवतो म्हणाले होते ना?"

"हो."

पुढचं बाईंनी थोडक्यात सांगितलं. सकाळी गाड्यांऐवजी इंग्रजांबरोबरच्या मूळ रहिवाशांतले हल्लेखोर आले. जखमी मारले गेले, घरं जाळली गेली. ज्यांनी मारलं त्यांचीही गावं आधीच्या पानगळीत अमेरिकनांनी जाळली होती, हेही त्यांनी सांगितलं, त्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही म्हणाल्या. त्या कुणाकडे रोखून बघत नव्हत्या. दरवर्षी सांगतात तसंच सांगत होत्या. मी मात्र खाली बुटांकडे बघत होतो. माझी लाज त्या मेलेल्यांच्या शेजारी ठेवण्याइतकी मोठी नाही हे मला कळत होतं, आणि त्याचीही लाज वाटत होती.

मग सूप. स्वयंपाकी शिपाई म्हणजे दाढीवाला, आडव्या अंगाचा, दोन तासांवरच्या गावाहून आलेला एक प्लंबर. पहाटे पाचला त्याने जाळ केला होता. त्याने मला दोन्ही भांडी दाखवली. "हे कांद्याचं. हे बिनकांद्याचं. डाव वेगवेगळे आहेत, काळजी करू नका. बिनकांद्याचे कोण?"

बिनकांद्याचं कुणीच नव्हतं. मी म्हणालो, "मी." त्या दिवशी मी तीन वाट्या बिनकांद्याचं सूप प्यायलो. एका विद्यार्थ्यानेही न सांगता तेच मागितलं. पोरगा शहाणा होता.

काकांनी खिशातून एक डबी काढली. सुनेने त्यांच्याबरोबर तिळाच्या वड्या दिल्या होत्या. बाह्यांतून हात कसाबसा बाहेर काढून ते एकेका शिपायापुढे गेले, प्रत्येकाला वडी दिली आणि मराठीत जे म्हणायचं ते म्हणाले. प्लंबरने मला विचारलं, "काय म्हणतायत?"

"हा आमचा सण आहे," मी म्हणालो. "ही वडी घ्या आणि यापुढे आमच्याशी गोड बोला, असं म्हणतात."

त्याने वडी तोंडात टाकली, चावली, विचार केला. "त्यांना सांगा," तो म्हणाला, "मी अजून काही बोललेलोच नाहीये."

सगळे हसले. बाईसुद्धा. काकांना सांगितल्यावर ते सगळ्यांत जास्त हसले आणि त्याला दुसरी वडी दिली. मीही हसलो, पण माझे कान तापले होते.

उरलेलं सूप त्यांनी आम्हाला नेऊ दिलं, म्हणजे टाकण्यापेक्षा न्या असं म्हणाले. मोठ्या पातेल्यातून सांडत, बर्फावर हळू गाडी चालवत घरी आणलं. बायको नुकतीच आली होती. वाण म्हणून झाकणाचे प्लास्टिकचे डबे वाटले होते, आणि उरलेले डबे तिच्याकडेच आले होते. तिने पातेल्यात पाहिलं, डबे धुतले आणि सूप भरायला लागली. तिसरा डबा भरताना म्हणाली, "त्या बाई काही बोलल्या का?"

"नाही."

"बोलायला हवं होतं," ती म्हणाली.

मार्चपर्यंत आमच्या फ्रीझरमध्ये ते डबे होते.

खरी नामुष्की पुढे होती. फेब्रुवारीच्या कमिटी मीटिंगमध्ये मी हिशेब ठेवला. अध्यक्षांनी दोनशेवर बोट ठेवलं.

"खजिनदारसाहेब, गेले किती?"

"पाच."

"मग पंचवीस झाले. बाकीचे रिफंड घ्या की."

"त्यांनी चाळीस जणांची तयारी केली होती."

"अहो, पण माणसं गेलीच नाहीत तर पैसे कशाचे? हे मंडळाचे पैसे आहेत. तुम्हीच सांगता ना नेहमी, पै-पैचा हिशेब."

मी नेहमी तसं सांगायचो खरं. समोर बसलेल्या नऊ जणांपैकी सहा जणांनी मला "येस" लिहिलं होतं. एकजण चकली खात होता. मला तेव्हा बोलायला हवं होतं. मी नियमाचा माणूस, ठराव झाला, मी तो लिहून घेतला.

फोनवर बाई म्हणाल्या, "अर्थातच." एवढंच. चार दिवसांत एकशे पंचाहत्तरचा चेक आला. मी तो मंडळाच्या खात्यात भरला, आणि त्याच दिवशी माझ्या स्वतःच्या खात्यातून तेवढ्याच रकमेचा चेक बाईंना पाठवला. आठवड्याने तो परत आला, सोबत एक ओळ: जे आलेच नाहीत त्यांचे पैसे मी कसे घेऊ?

मे महिन्यात मी बायकोला आणि मुलीला घेऊन तिकडे गेलो. मंगळवार होता, मी मुद्दाम रजा काढली होती, आणि मुलीच्या शाळेत चिठ्ठी दिली होती. चेक खिशात होता. हिरवळ इतकी होती की जागा ओळखू येईना. बाई दारातच बसून विणत होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं, आणि बायकोकडे बघून म्हणाल्या, "या चाळीसपैकी का?"

"हो," बायको म्हणाली. मी भाषांतर करायच्या आत तिने स्वतःच इंग्रजीत सांगितलं, "मी यायला हवं होतं."

हिवाळी टूरचं मी विचारलं. बाईंनी विणकाम उलटवलं. "नोव्हेंबर ते मार्च बंद ठेवायचं ठरलंय. हीटरचा खर्च फार आहे, आणि माणसं येत नाहीत. त्याच्या कागदावर आकडा होता, मी काय बोलणार." आवाजात राग नव्हता. मी चेक पुढे केला. त्यांनी तो न बघताच माझ्या हातावर हात ठेवून माझ्याकडेच सरकवला, आणि बूट चढवायला लागल्या.

तीच टूर पुन्हा झाली, पूर्ण. मैदानाच्या कडेला बाई थांबल्या आणि घसरगाड्यांचं सांगितलं. बायको पुढे होती. तिने मागे वळून मला विचारलं, "मग? आल्या?"

"नाही," मुलगी म्हणाली. "नाही आल्या, आई."

तिकीट शेवटी घ्यायची त्यांची पद्धत आहे. तीन माणसं, माणशी पाच. पंधरा डॉलर मी रोख दिले, बाईंच्या हातात. त्यांनी ते मोजून डब्यात टाकले. एकशे पंचाहत्तर तसेच माझ्या खिशात परत आले.